कुंपणाआतलं गवत

— न्हाय न्हाय, त्या खुर्चीवर बसू नका म्याडम, तिचा एक पाय मोडकाय — हितं बाजंवर बसा, घोंगडं टाकतो, सच्छ हाय. आन ड्रायव्हरला म्हणावं गाडी त्या लिंबाखाली घे, हितं काचांची झळ मारती. दुपारी तर डोळं उघडं ठेवता येत न्हाईत. एवढं सगळं रान बगा की, त्या टेकाडापस्तोर नुसत्या सोलरच्या काचा. पाणी घ्या. माठातलं हाय. घ्या... हां. तर तुमी काय इचारलं? नाव. नाव धुळाप्पा. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, आमच्यात कुणी लिवून ठेवलंय! काम ह्या प्लँटच्या फाटकावर वॉचमन, प्लँट झाला तवापासनं, सात वर्सं. त्याच्या आदी मेंढरं. मेंढरं अजून बी हायेत, ऐंशी हायेत, पर ती आता आमची कारभारीण बगती, केराबाई. मी ड्यूटीवर. झालं? आता पुढचं मी सरळ सांगतो, तुमी लिवून घ्या — "बारा तारखेस बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी माझ्या मालकीची मेंढरं अनवधानानं प्रकल्पाच्या आवारात शिरली व त्यांनी मुख्य केबल कुरतडली, त्यामुळं प्रकल्प बंद पडला व पुढील बिघाड झाला." झालं. एवढंच. अनवधानानं बरुबर लिवलं का? लई अवघड शब्द हाय, मला दोन दिस लागले जिभंवर बसवायला.

कुणी शिकवला म्हणजे? कुणी न्हाय. असं... कानावर पडलेलं. सरकारी कागदावर असतोय की असला शब्द. तुमी लिवा.

लाइटच्या चौकशीला आलेल्या तुमी दिल्लीच्या हाफिसातल्या ना? आदी दोन साहेब येऊन गेले, हिंदीत बोलत व्हते, मला निम्मं कळलं, निम्मं न्हाय, मी मुंडी हालवत बसलो. तुमी मराठी बोलता हे बरं झालं. गाव कंचं? — वैराग? आँ, मंग हितल्याच की तुमी! वैरागच्या बाजारात आमी कितींदा मेंढरं घेऊन आलो असू. मंग तुमाला काय सांगायचं, ऊन-पाणी सगळं ठावंच असंल. आन तुमाला काय वाटलं, बुधवारी सोलापुरात लाइट गेली त्यात माजा काय हात हाय? माजा हात न्हाय. मेंढराचा हाय. मेंढरू म्हणजे मुकं जनावर, त्याला काय कळतंय वायर कंची आन वेल कंची —

आं? कुटं? ...ती व्हय. ती, तिकडं काचांखाली चरत्यात ती? ती आमचीच. म्हणजे — आज चुकून शिरली. अनवधानानं. न्हाय, रोज न्हाय. आजच. म्हणजे काल बी जरा — आता तुमाला काय सांगायचं म्याडम, तुमी अशा बगू नका, मला कसंसंच हुतं. थांबा, फाटकावर कोण आलं का बगून येतो... न्हाय, कोण न्हाय. वारा हाय. ह्या काचांतनं वारा गेला की गाडी आल्यागत वाटतं. मला बारा दिस झाले असंच वाटतंय, कोण तरी आलं, कोण तरी आलं. बसतो. तर मेंढरं. तुमाला वाटंल, ज्या मेंढरांनी एवढा घोळ घातला ती परत आत कशी? बरुबर हाय तुमचं. मला कुणी इचारलं असतं तर मी बी हेच इचारलं असतं. ते साहेब म्हणले व्हते, चौकशी संपू द्या, मंग सोडा आत, चौकशी हुईस्तोवर एक बी मेंढरू आत दिसता कामा नये. पर चौकशी कदी संपणार? आन मेंढराला कोण सांगणार की बाबा थांब? भाईर काय बी न्हाय खायला, बगा की तुमी, कुंपणाच्या पलीकडं नुसता फुफाटा हाय, कुसळं बी जळून गेली. आन हितं आत — ह्या काचा आठवड्याला धुत्यात, टँकर येतोय, ते पाणी ठिबकतं खाली, आन वरनं सावली. वैशाखात हिरवंगार गवत! सात वर्सं आमची मेंढरं त्या जाळीला तोंड लावून उभी ऱ्हायली म्याडम. मी हितं खुर्चीवर, हातात काठी, आन माजीच मेंढरं मलाच बगत्यात. एखादं कोकरू जाळीतनं मुंडी घालायचं तर मीच हुसकायचो त्याला. ड्यूटी हाय. तवा साहेबांनी गवत देतो म्हणल्यावर मला दम निघंना. तिसऱ्या दिशी मागचं फाटक उघडलं आन सोडली. केराबाईला सांगितलं, कंपनीनं परवानगी दिली. ती काय खूश झाली! आठ दिसांत मेंढ्यांची कास भरली, कोकरं उड्या मारायला लागली.

कंचे साहेब? मी साहेब म्हणलो? ...पृथ्वीराज साहेब. पुण्याचे. म्यानेजर हायेत कंपनीचे. ते आले व्हते गुरुवारी. असंच, इचारपूस करायला. म्याडम, हे लिवू नका, हे मी आपलं गावच्या माणसाशी बोलल्यागत बोललो.

आता तुमी कंपनी म्हणता, तर कंची म्हणू? ही जमीन गायरान व्हती. माजा बाप, त्याचा बाप, सगळी हितंच मेंढरं चारायची. मंग सरकारनं दिली कंपनीला. पैल्या मालकाला आमी बगितलं. आला व्हता, नारळ फोडला, पाया पडलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तुमची जमीन गेली न्हाय काका, देशाला वीज मिळणार हाय, म्हणला. बरं वाटलं. मला नोकरी त्यानंच दिली. दोन वर्सांनी फाटकावरचा बोर्ड बदलला. दुसरा मालक मुंबईचा, तो आला न्हाय, पर त्याचा फोटो व्हता ह्या केबिनमदी. आन दोन वर्सांमागं परत बोर्ड बदलला, माजी टोपी बदलली, निळी व्हती ती हिरवी झाली, फोटो काढून नेला. त्या जागी काय लावलं न्हाय. खिळा तेवडा ऱ्हायला. मी पृथ्वीराज साहेबांना इचारलं, आता मालक कोण? तर हासले. म्हणले, मामा, आता मालक म्हणजे माणूस नसतोय, फंड असतोय. भाईरच्या देशातला. देशाचं नाव बी सांगितलं त्यांनी, पर ते म्हणले पैसा एका देशातला, हाफिस दुसऱ्या देशात आन मशीन चालवणारी माणसं तिसऱ्या. आता माजं बगा, माज्या मेंढराचा कान कापलेला असतोय, डाव्या कानाला खालनं एक चीर. कर्नाटकात जाऊन चुकलं तरी माणूस म्हणतोय, हे धुळाप्पाचं. ह्या एवढ्या मोठ्या रानाला कुणाची खूण हाय? मला गावात लोक इचारत्यात, कुणाच्या फाटकावर बसतोस रं? काय सांगू?

व्हय, केबलचंच बोलू. तुमी केबलचं इचारता आन मी मालकाचं सांगतोय. केबल हितं मागं व्हती, त्या तिसऱ्या मशीनपाशी, जमिनीतनं वर येती तितं. मेंढरांनी कुरतडली. ऐंशी व्हती. कंच्यानं कुरतडली ते मी बगितलं न्हाय. फोटू हाय तुमच्यापाशी? दावा की. चष्मा... न्हाय, दिसतंय, दिसतंय. मोठा करता येतोय व्हय? असं बोटानं? — हां. हां, हीच. ही कुरतडलेली —

...

न्हाय, काय न्हाय. बगतोय.

हे वरच्या बाजूला काय हाय? हे दात हायेत व्हय, खड्डे पडल्यात ते? आन खालच्या बाजूला बी? दोन्हीकडनं? म्याडम, कुणी काढला हा फोटू? आन आदी जे साहेब आले व्हते त्यांनी बी हाच बगितला? आन म्हणले मेंढरू हाय? एवढी शिकलेली माणसं! आवो मेंढराला वरचं पुढलं दात नसत्यात! शेळीला नसत्यात, मेंढीला नसत्यात, गायीला बी नसत्यात. खालचं आठ असत्यात आन वर नुसतं हिरडं. त्या खालच्या दातांवरनं तर आमी वय सांगतो, दोनदाती, चारदाती. मेंढरू गवत चावून तोडत न्हाय, हिरड्यावर दाबतंय आन असा हिसका मारतंय — असा. वायरला त्यानं तोंड लावलं तर खालनं वरखडा पडंल, वर काय बी उमटणार न्हाय. आन मुळात ते तोंड लावंलच कशाला? हिरवं गवत पायाखाली असताना रबर खातंय व्हय मेंढरू? कुत्र्याचं पिल्लू खाईल, उंदीर खाईल. मेंढरू न्हाय खात. पन्नास वर्सं मी मेंढरांमागं काढली, एक मेंढरू मला दावा जे वायर खाऊन मेलं! हे दात न्हाईत. हे पक्कडचं हाय. पक्कडला वर बी दात असत्यात आन खाली बी. बगा, एकसारखं अंतर हाय, कुणाच्या तोंडात असले एकसारखे दात —

...

पाणी घेतो जरा.

मी काय बोललो ते तुमी लिवलं का? पेन तर चालतंय तुमचं. ऱ्हावू द्या. आता काय खोडायला सांगू, आन सांगितलं तरी तुमी खोडणार हाय व्हय. मला ठावं व्हतं. ज्या दिशी पृथ्वीराज साहेब त्या वायरला पक्कड लावत व्हते त्याच दिशी मला ठावं व्हतं, हे मेंढराचं दिसत न्हाय. पर मी बोललो न्हाय. सांगता आलं असतं, साहेब, एकीकडनंच घासा. जीभ रेटली न्हाय. मला वाटलं बगणाऱ्याला कळंल. मला वाटलं कुणीतरी येईल, बगंल आन म्हणंल, हे काय मेंढरू हाय व्हय! आन बारा दिसांत एक बी म्हणला न्हाय. तुमी बी न्हाय. तुमी नुसता फोटू पुढं केला आन लिवत बसला. तुमी लई बेरकी हाव म्याडम. वैरागचं पाणी.

गुरुवार सकाळ. व्हय. दोन माणसं बरुबर व्हती त्यांच्या, एकाच्या हातात हत्यारांची पेटी. साहेब असेच बसले बाजंवर, तुमी बसलाय तितंच. म्हणले, मामा, कंपनीवर बालंट येणार हाय. लायसन जाईल, प्लँटला कुलूप लागंल, तुमची नोकरी जाईल, ह्या सगळ्या पोरांच्या नोकऱ्या जातील. एक साधं कारण पायजे. मेंढरं आत शिरली म्हणा. जनावराला कोण शिक्षा करतंय? तुमाला जरा बोलतील, सोडून देतील. आन नंतर आतलं सगळं गवत तुमचं, कायमचं, कागदावर लिवून देतो. मला पैसा दावला असता ना म्याडम, तर बिरोबाची आण घेऊन सांगतो, मी हाकलला असता. त्यानं गवत दावलं. माज्याच बापाचं रान, आन मला त्यात गवत दावलं! आन मी व्हय म्हणलो. वायर धरली मी. ह्या हातांनी धरली, ताणून, त्यांनी पक्कड लावली. मंग दगडानं घासली. मंग मागितल्या म्हणून मी मेंढरांच्या वाड्यातनं लेंड्या आणून टाकल्या तितं, पसरून. एवढं सगळं केलं. मंग तो कागद टाइप केलेला दिला, पाठ करा म्हणले.

उभं ऱ्हायलं तर चालंल ना? बसवत न्हाय मला. येरझाऱ्या घालाय लागलोय लई, केराबाई म्हणती भूत लागलंय.

बुधवारचं खरं सांगतो. ऐका. त्या दिशी आत एक बी मेंढरू नव्हतं. दोन वाजून गेले व्हते, मी भाकरी खाऊन हितंच बसलो व्हतो. ती मशीनं घुंऽऽ करत असत्यात सारखी, सकाळी ऊन पडलं की सुरू, दिस बुडला की बंद, सात वर्सं तो आवाज कानात बसलाय, आता ऐकू बी येत न्हाय. आन एकदम थांबला. सगळी मशीनं एकदम. असलं गप्प झालं की मला त्या बांधावर चितूर वरडतोय ते ऐकू आलं. डोक्यावर एवढं ऊन, ढगाचा ठिपका न्हाय, आन मशीनं गप्प. मी धावत गेलो. आत गुरुशांत. इंजिनेर हाय तो, अक्कलकोटकडचा, लिंगायताचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्सांचा असंल, मला मामा म्हणायचा. घाबरला की कानडीत बोलतोय. त्या टीव्हीसारख्या स्क्रीनपुढं उभा, सगळं हिरवं असतंय ते लाल झालेलं, आन हा आपला बटन दाबतोय, दाबतोय — "येनु माडली मामा, येनु माडली," काय करू, काय करू. मी म्हणलं, चालू कर की. तर म्हणला, करतोय, हुईना. हे बगा काय लिवलंय. मला इंग्रजी येत न्हाय, त्यानं वाचून दावलं — चालवायचा ताबा तिकडच्या सेंटरकडं हाय, हितनं चालू करायचा तुमाला अधिकार न्हाय. मी म्हणलं, तिकडच्या म्हणजे कुटल्या? तर त्यानं असा हात केला, दूर. समुद्रापलीकडं. मी म्हणलं, फोन लाव. लावला. इंग्रजीत बोलला. तिकडनं कोण तरी बाई बोलत व्हती, गोड बोलत व्हती, थांबा म्हणली. अर्धा तास थांबलो. परत लावला तर मशीनच बोलली.

आन मंग त्याला आपल्याच दुसऱ्या प्लँटचे फोन यायला लागले. ह्याच मालकाचे सात हायेत म्हणं, मंगळवेढ्याकडं एक, तिकडं कर्नाटकात तीन, सगळे दोन दहाला बंद. एकाच मिनिटाला! आता मला सांगा, सातींच्या सात जागी काय माजी मेंढरं गेली व्हती व्हय? साहेब म्हणत्यात, हितनं सुरुवात झाली, हितली वायर तुटली म्हणून बाकीचे पडले. मी अडाणी हाय, पर वायर तर गुरुवारी तुटली! गुरुशांत म्हणला, एवढी वीज एकदम निघून गेली की वरच्या मोठ्या लायनीला ते सोसत न्हाय, मंग त्या बी पटापट पडत्यात, आन सोलापुराची लाइट गेली ती तशी गेली. सहा वाजता आपोआप सुरू झालं. ऊन उतरल्यावर. कुणी काय सांगितलं न्हाय, का बंद केलं, का चालू केलं. मुद्दाम केलं का कुणाचा हात चुकून लागला, ते मला ठावं न्हाय म्याडम, मी खोटं सांगणार न्हाय. कोण म्हणतंय दोन सरकारांचं भांडण हाय, कोण म्हणतंय कंप्यूटरात नवीन काय घालत व्हते. पर बटन तिकडं हाय. एवढं मी डोळ्यांनी बगितलं. फोटूत बी दिसतंय की, ते लाल —

कंचा फोटू? कंचा न्हाय. तुमचाच, वायरचा. मी... आवो मी काय बोलतोय! डोकं ठिकाणावर न्हाय माजं, बारा दिस झाले झोप न्हाय. गुरुशांतला त्याच गुरुवारी राजस्थानला धाडलं, आजच्या आज नीघ म्हणून. त्याच्या स्वतःच्या मोबाइलमदी कसला फोटू असणार, आत मोबाइल न्यायची परवानगीच न्हाय, सगळ्यांचे मोबाइल हितं फाटकावर, ह्या कप्प्यात ठेवायचे, मी राखायचे. आन माजा माज्या खिशात. ...हां. कळलं तुमाला. कळलंच म्हणा. तुमी लगेच खिशाकडं बगितलं. त्यानंच काढला, माज्या मोबाइलनं, बुधवारी, मामा जरा द्या म्हणून घेतला हातातनं. नंतर म्हणला, असू द्या, कुणाला दावू नका, मी सांगंन तवा द्या. आन सांगायच्या आदीच गेला. फोन लागत न्हाय त्याचा. त्याची आई अक्कलकोटात एकटी हाय, म्हणून मी जपतोय. पोराची नोकरी. माजं सोडा, पोराची नोकरी.

हळू बोलू म्हणता? कोण ऐकतंय हितं? — आँ. आली व्हय. केराबाई हाय ती, टाकीवर मेंढरं पाण्याला लावायला आणली तिनं. ऐकू द्या... न्हाय, हळू बोलतो. तिला ह्यातलं काय ठावं न्हाय. तिला वाटतंय कंपनीला दया आली.

माज्या जिवाला एवढं का जळतंय, ते सांगतो. आमची लेक इजयमाला, माढ्याला दिलीया. दिस भरायच्या आदीच बाळंत झाली, सातव्यात, पोट फाडून काढावं लागलं. पोरगी झाली. सव्वा किलोची, म्याडम, कोकरू बी जड असतंय त्याहून. सोलापूरला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली व्हती, वरनं दिवा, ऊब लागती म्हणून. केराबाई तितं व्हती, मेंढरं वाड्यात कोंडलेली, मी हितं ड्यूटीवर. बुधवारी दोन दहाला पेटीतला दिवा गेला. जनरेटर लावाय गेले, तो दोनदा खर्रखर्र केला आन गप्प बसला. शिस्टर धावली, म्हणली, आई पडून हाय, आजी तुमी घ्या, अंगाशी धरा, कापडाच्या आत, कातड्याला कातडं लावून. आन ही बसली. पावणेचार तास बसली. खोकली बी न्हाय म्हणं, मान बी वळवली न्हाय, त्या वैशाखाच्या उकाड्यात पंखा न्हाय काय न्हाय, घामानं डबडबली आन ह्या एवढ्याशा जिवाला धरून बसली. पोरगी ऱ्हायली. आता बरी हाय, दूध पिती. संध्याकाळी मी गेलो तवा हिनं मला पैलं काय इचारलं ठावं हाय? "लाइट कुणी घालवली वो? जेनं घालवली त्याचं तोंड मला बगायचंय." असं म्हणली. आन मी दुसऱ्या दिशी त्या साहेबाला सांगितलं, माज्या मेंढरांनी घालवली. सही करून दिली. तिच्या मेंढरांनी! तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, नावानं हाक मारती त्या मेंढरांनी माज्या नातीच्या उशाचा दिवा घालवला, असं मी लिवून दिलं, पसाभर गवतासाठी! आन रोज ती त्यांना हितं चारती आन मला म्हणती, आवो चांगली माणसं हायेत ही कंपनीची, आन मी व्हय म्हणतो, मी रोज व्हय म्हणतो —

...

केरा.

केरा, थांब. पाणी पिऊ दे त्यांना. थांब की, आगं, मी सांगतो —

ऐकलं तिनं. बगितलं का तुमी? कळशी तितंच ठेवली आन वळली. बगा, हाकतीया. मागच्या फाटकाकडं चालली. आवो त्यांचं पोट न्हाय भरलं अजून, त्या काळ्या मेंढीनं तर पाण्याला तोंड बी लावलं न्हाय... हॅऽऽ! केरा! — ऐकत न्हाय. जाळीच्या भाईर काढली. त्या फुफाट्यात. सगळी काढली बगा, ऐंशीच्या ऐंशी, एक मागं ठेवलं न्हाय. आता पाऊस पडंस्तोवर काय घालणार हाय ती त्यांना? इचार करून करणारी बाई न्हाय ती. मी म्हणतोय ना, दोन म्हैन्यांचा तर प्रश्न हाय, गवत काय कुणाच्या बापाचं...

...

म्याडम, धरा. मोबाइल धरा. नंबर टाकायचा न्हाय त्याला, उघडाच हाय. फोटूत जावा. कोकराचे हायेत ते न्हवं, त्याच्या आदी. नातीचा हाय, त्याच्या बी आदी. — हां. हाच. लाल हाय तो. वाचता येतंय का? दोन वाजून सोळा मिनिटं लिवलंय ना वर? घ्या काढून तुमच्यात. गुरुशांतचं नाव घालू नका, मी काढला म्हणा. वॉचमननं काढला. घालायचंच पडलं तर असं घाला की त्या पोरानं चार तास बटन सोडलं न्हाय. हे बी लिवा.

आन सही कुटं? अंगठा कशाला, सही येते मला. हितं? ...धु — ळा — ही रेघ जरा वाकडी आली, चालंल ना? आन तो आदीचा कागद, माज्या सहीचा, तो तुमच्याकडं असंल की. फाडू नका. त्याच्यावर लिवा, ह्या माणसानं खोटं सांगितलं व्हतं. माजं नाव घालून लिवा.

न्हाय, भीती कसली. उद्या माज्या जागी दुसरी टोपी येईल हितं. तुमी काय करणार हाव ह्याचं, ते मी इचारत न्हाय. ती जी दूरची लोकं हायेत त्यांना हितनं दिल्लीतनं कोण काय म्हणंल, का न्हाय म्हणणार, ते तुमचं तुमी बगा. सांगू नका मला. असा दिलासा देऊ नका, ऱ्हावू द्या. उटा आता. ऊन कललंय, तुमाला लांब जायाचंय. ड्रायव्हरला हाक मारा, गाडी आदी भाईर काढा म्हणावं.

फाटक लावायचं हाय मला. — न्हाय, मी आत थांबत न्हाय. भाईरनं लावतो.